वहीतले हिरे

दसऱ्याची सुटी संपून शाळा सुरू झाली, त्या आठवड्यातील गोष्ट. नववीच्या वर्गावरून जात असता शेवटच्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून काही मांडीत बसलेला दिसला. मी वही हाती घेतली. तांबड्या रेघा ओढून पाडलेले रकाने, पहिल्यात अकरा नावे, पुढे तारीख, जमा, बाकी. आणि वर ठळक अक्षरात 'हिरे' असा मथळा. ''हे काय रे?'' म्हणून विचारले, तर म्हणाला, ''सर, आमची भिशी आहे.'' गणिताचे नाव काढताच तोंडे उतरणाऱ्या वर्गात इतका स्वच्छ हिशेब पाहून मी प्रसन्न झालो. त्याची पाठ थोपटली आणि वही परत दिली. हिरे म्हणजे काय, हे विचारण्याचे मात्र सुचले नाही. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसास हिरे म्हटले की रूपकच आठवते. त्याला काय करावे!

तीन आठवड्यांनी त्या मुलाचे वडील शाळेत आले. आमच्या नेरडीगोंड्याकडे ते दिवस कापूस वेचणीचे. वेचणी टाकून शेतकरी शाळेच्या पायऱ्या चढतो, तेव्हा काही तरी मोठे बिनसलेले असते. ''गुरुजी, पोरगं चार दिवस झाले जेवत नाही. शाळेत जातो म्हणून निघते अन् कुंटाळ्याच्या रस्त्याला जाऊन बसते,'' ते म्हणाले. कुंटाळ्याच्या धबधब्याचे नाव ऐकताच माझ्या छातीत धस्स झाले. मी त्यांच्यासह तसाच निघालो. मुलगा रस्त्याकडेच्या एका पारावर बसलेला सापडला, हे त्या परमेश्वराचे उपकार. दप्तरात ती वही होती.

मग उलगडा झाला. मुले मोबाइलवर जो लढाईचा खेळ खेळतात, त्यात हिरे नावाचे चलन आहे. खरे रुपये देऊन ते विकत घ्यावयाचे आणि त्या हिऱ्यांनी आपल्या खेळातील शिपायास अंगरखे, बंदुकांची रंगीत आवरणे असे काहीबाही घ्यावयाचे. काही आवरणे ठरावीक दिवसच मिळतात, म्हणून ती दुर्मिळ; आणि दुर्मिळ म्हणून खेळणाऱ्यांत त्यांना भाव. एकदम अधिक हिरे घेतले तर ते स्वस्त पडतात. येथूनच घाऊक खरेदीची आणि भागीदारीची कल्पना निघते. एका टोपणनावाच्या 'भाई'ने हिंदीत बोलणारा एक ग्रुप काढला होता. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि व्यापार हिंदीत; आमच्या सीमेवरच्या पोरांस भाषेची अडचण कधीच नसते! पहिल्या खेपेस प्रत्येकी पन्नास रुपये गेले आणि सांगितल्याप्रमाणे हिरे आले. दुसऱ्या खेपेस शंभर गेले, तेही फळले. तिसऱ्या खेपेस भाईने एक दुर्मिळ वस्तूंनी भरलेले खाते मिळून विकत घेऊन चढ्या भावाने विकावयाची आणि नफा वाटून घ्यावयाची योजना मांडली. अकरा मुलांचे प्रत्येकी चारशे, म्हणजे ४,४०० रुपये, आणि आमच्या विद्यार्थ्याने वेचणीच्या मजुरीसाठी घरात ठेवलेल्या पैशांतून काढलेले २,००० असे ६,४०० रुपये एका संध्याकाळी आईच्या मोबाइलवरून रवाना झाले. सकाळी ग्रुप नाही, भाई नाही, खातेही नाही.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिशी चालते; इकडे तिला चिट्टी म्हणतात. आमच्या गल्लीत वीस बायकांची चिट्टी आहे. ती चालविणाऱ्या बाईंचे घर, त्यांची म्हैस, त्यांच्या सुनेचे माहेर सगळ्यांना ठाऊक. एखादीने चिट्टी उचलून पुढचे हप्ते बुडविले तर हळदीकुंकवास कोणत्या तोंडाने जाणार? कागद नसला तरी तारण असते. ते तारण म्हणजे गाव. मोठ्या चिट्ट्यांना ही गावाची ओळख पुरत नाही, म्हणून १९८२ च्या चिट फंड कायद्याने नोंदणी आवश्यक केली आणि चालकास तारण ठेवावयास लावले. मुलांनी आपल्या व्यवहारास भिशी म्हटले ते याच विश्वासाने. घरात पाहिलेल्या शब्दाबरोबर त्यांनी घरातला भरवसाही उचलला. भाईला मात्र ना गल्ली, ना म्हैस, ना सून.

शिवाय विकावयाची वस्तू तरी कोणाची? जत्रेत आकाशपाळण्याचे तिकीट आपण घेतो, पण पाळणा आपला होत नाही. या खेळांच्या कंपन्यांच्या अटी वाचल्या (मी त्या चष्मा पुसून पुसून वाचल्या), तर खेळातील वस्तू वापरण्याची केवळ मुभा आपणास मिळते आणि खात्यांची खरेदी-विक्री तर बहुधा निषिद्धच असते. पाळणेवाला केव्हा तंबू उचलील, याचाही नेम नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी होता. ३० ऑक्टोबरला त्याची येथील सेवा थांबली. पुढल्या वर्षी तो नव्या नावाने आला, जुनी खाती काही काळ तिकडे नेता आली, आणि जुलै २०२२ मध्ये तोही दुकानातून उतरला; पुन्हा आला तो मे २०२३ मध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरचीही तीच गत झाली. अशा मालावर दहा जणांनी भागीदारी करावयाची म्हणजे पाण्यावर पाया घालणे होय. मिळून घेतलेल्या खात्याचा तर आणखी एक पेच आहे. परवलीचा शब्द भागीदारांच्या हाती आला तरी ज्या मूळ पत्त्यावर ते खाते उघडलेले असते, तो विकणाऱ्याच्याच हाती राहू शकतो. 'परवलीचा शब्द विसरलो' म्हणून तो खाते केव्हाही माघारी घेऊ शकतो. स्वस्त हिरे दुसऱ्याच्या चोरलेल्या कार्डावर घेतलेले असले आणि खऱ्या धन्याने तक्रार केली, तर कंपनी ते काढून घेते, कधी खातेही बंद करते. पहिल्या दोन खेपांचे हिरे आले कोठून, याचा विचार माझ्या मनात अजून येतो.

हे आपल्याकडच्या भाबड्या पोरांपुरतेच आहे, असे कोणी समजू नये. आइसलँडमधील कंपनीने २००३ साली सुरू केलेला 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा अंतराळ-व्यापाराचा खेळ आहे. तो खेळणारे बहुतेक प्रौढ, शिकलेले लोक. त्यांनी खेळातच पेढ्या काढल्या, ठेवी घेतल्या, व्याज दिले. २००६ साली एका पेढीचा चालक खेळातील चलनाचे ७०० अब्जांहून अधिक नाणे घेऊन उघडपणे मिरवीत निघून गेला, आणि कंपनीने हात लावला नाही. कारण खेळात फसविणे हा त्या खेळाचाच भाग! २००९ साली तेथील दुसऱ्या पेढीच्या ऑस्ट्रेलियातील चालकाने सुमारे २०० अब्ज नाणी काढून ती बाहेर सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली. मुलाच्या औषधोपचाराचा खर्च आणि घराची अनामत अशी त्याची गरज होती. कंपनीने या वेळी त्याला काढून टाकले, पण कशासाठी? खेळातील नाणे खऱ्या पैशाला विकले म्हणून. ठेवीदारांचे नेले, हा अपराधच नव्हता. आमच्या मुलांनी कंपनीकडे तक्रार केली असती, तर बहुधा त्यांचीच खाती बंद झाली असती.

'सेकंड लाइफ' या अशाच एका काल्पनिक जगात जिंको नावाची पेढी वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक व्याज देई. २००७ च्या जुलैत त्या जगातील जुगारावर बंदी आली, लोक ठेवी मागावयास धावले आणि ऑगस्टमध्ये पेढी बुडाली. सुमारे साडेसात लाख अमेरिकन डॉलरच्या ठेवी गेल्या. त्यानंतर जानेवारी २००८ पासून कंपनीने सरकारी परवान्यावाचून अशी व्याजाची पेढी चालविण्यास मनाई केली. शहाणपण तेथेही ठेवी बुडाल्यानंतरच आले.

आणि दूर कशाला, ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबादेत पोलिसांनी रंग ओळखण्याच्या खेळाचे प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा उलाढाल सुमारे १,१०० कोटी रुपयांची असल्याचे सांगितले होते. त्यातही टेलिग्रामवरचे ग्रुप, ओळखीने प्रवेश आणि नवा गडी आणणाऱ्यास दलाली. तो उघड जुगार होता. आपल्या तेलंगणात २०१७ पासून पैसे लावून ऑनलाइन रमी खेळण्यास बंदी आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला. पण आमच्या मुलांनी डाव लावला, असे त्यांस कधी वाटलेच नाही. त्यांनी वही घातली, भागीदार जमविले, हिशेब चोख ठेवला. जुगार म्हटले असते तर त्यातील निम्मे तरी आईच्या भयाने मागे सरले असते. म्हणून पालकांनी 'जुगार खेळतोस का?' असे विचारून भागणार नाही. 'मोबाइलमध्ये कोणाबरोबर भागीदारी आहे का, आणि माल कोणाच्या हाती आहे?' हे विचारावे लागेल. मी तोच प्रश्न विचारला नाही.

आम्ही १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली. पलीकडच्या मुलीने आस्थेने माहिती लिहून घेतली. पैसे जाताच पहिल्या काही तासांत फोन केला, तर ते वाटेत अडविण्याची आशा असते. आमचा पाचवा दिवस होता. मुलगा आधी बोलता तर! पण बोलणार कसा? ज्या वहीवर मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली, ती बुडाली असे त्याने कोणास सांगावे?

त्या दिवशी पारावर त्याने मला एकच विचारले, ''सर, अकरा जणांना मी काय सांगू?'' त्याचे वडील तोवर गप्प होते. ते म्हणाले, ''सांगायचं काय त्यात? त्यांच्या घरी जाऊन देऊ. नाव तुझ्या वहीत आहे.'' मी निम्मी रक्कम देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. कापसाची गाडी गेली की थोडे, असे करून बापलेक दर रविवारी एकेक दार चढतात. मुलगा शाळेत येऊ लागला आहे. वही सध्या माझ्या टेबलाच्या खणात असते. सोमवारी सकाळी तो येऊन ती मागतो, एका नावापुढे 'दिले' असे लिहितो आणि परत ठेवतो. सात नावे झाली आहेत. उरलेली चार घरे संक्रांतीपर्यंत थांबावयास कबूल झाली.