तेल बोलते, ऐकणारा हवा

मराठीत तेल आणि कन्नडमध्ये एण्णे. शब्द वेगळे, पण ते जिथे गाळतात त्या जागेचे नाव दोन्ही भाषांत जवळजवळ एकच: आपला घाणा आणि कन्नडमधला गाण. घाण्यावर आयुष्य घालवलेला माणूस तेलाचे दोन थेंब बोटांवर चोळून माल कसा होता ते सांगत असे. नेमकी हीच विद्या आज विमानाच्या इंजिनाची प्रकृती ओळखायला वापरतात, असे सांगितले तर घरातली मोठी माणसे हसतील. पण गोष्ट खरी आहे, आणि ती मला समजली एका लहानशा गावात.

आपल्या सीमाभागात मराठी जशी कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसते, तशी वर मध्य प्रदेशात ती हिंदीच्या शेजारी बसते. लोधीखेडा हे त्यातलेच एक गाव. तालुका सौंसर, जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा झाला. आमच्या सौभाग्यवतींची मावशी तिथे दिलेली आहे. मावसाजी नागपूर-छिंदवाडा छोट्या रेल्वेत फिटर होते. ती अरुंद लोहमार्गाची गाडी २०१५ च्या अखेरीस बंद पडली. आता तिथून मोठी गाडी धावते. मुलगा मात्र रूळ सोडून आकाशात गेला, म्हणजे नागपुरात लहान विमानांच्या इंजिनांची देखभाल करतो. गेल्या उन्हाळ्यात बापलेक दोघे एकत्र भेटले आणि माझ्यासारख्या खडू-फळ्याच्या माणसाची चांगलीच शिकवणी झाली.

विषय साधा आहे. इंजिन फिरते तेव्हा कितीही गुळगुळीत धातू असला तरी तो थोडा थोडा झिजतो. ही झीज तेलात उतरते. तेल इंजिनाच्या कानाकोपऱ्यांतून फिरून येते, म्हणजे प्रत्येक भागाची बातमी सोबत घेऊन येते. शरीर न फाडता डॉक्टर रक्त तपासतात, तसे इंजिन न उघडता तेल तपासायचे.

प्रयोगशाळेत या तेलाचा थेंब विजेच्या ठिणगीत जाळतात. दिवाळीच्या फटाक्यांत तांब्याच्या क्षारांनी निळसर-हिरवा रंग येतो, सोडियमने पिवळा; तसा प्रत्येक धातू जळताना आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. यंत्र तो प्रकाश वेगळा करून मोजते. मोजमाप असते दहा लाखांत एक भाग, म्हणजे एक टन तेलात एक ग्रॅम धातू! लोखंड वाढले तर गिअर, शाफ्ट, सिलिंडर यांच्याकडे पाहायचे. तांबे वाढले तर बुशिंगकडे. ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टनकडे. क्रोमियम वाढले तर बहुधा पिस्टनच्या रिंगांकडे. सिलिकॉन दिसले तर हवेच्या गाळणीतून धूळ शिरते आहे का ते तपासायचे. गंमत म्हणजे लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असते, म्हणून त्यांच्या तेलात शिसे भरपूर सापडते आणि कुणी घाबरत नाही.

"मग किती आकडा आला की धोका?" मी मास्तरी प्रश्न विचारला.

"भाऊजी, एका आकड्यात काही नसते," तो म्हणाला. "नवीन इंजिन पहिल्यांदा जास्तच झिजते, ते बसते आहे म्हणून. जुन्या इंजिनाचा नेहमीचा आकडा वीस असेल आणि यंदा चाळीस झाला, तर मी घाबरतो. दुसऱ्याचा नेहमीच चाळीस असेल, तर मी चहा पितो."

म्हणूनच नमुना घेण्याची शिस्त फार. इंजिन बंद केल्यावर तेल गरम असतानाच घ्यायचे, म्हणजे कण तळाशी बसत नाहीत. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार स्वच्छ बाटलीत धरायची. दर वेळी तेवढ्याच तासांनी, त्याच रीतीने. आज असे आणि उद्या तसे घेतले तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

ही पद्धत मुळात रेल्वेची, हे ऐकून मावसाजी ताठ बसले. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने डिझेल इंजिनांचे तेल असे तपासायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने ती विमानांसाठी उचलली. म्हणजे बाप रेल्वेत आणि मुलगा विमानात, हा प्रवास विद्येनेही केला आहे! "आम्ही तं तेल दोन बोटांत चोळून पाहो," मावसाजी म्हणाले. "खरखर लागली का साहेबाले सांगो."

आणि गंमत पाहा, त्यांच्या बोटांना जे कळे ते कधी कधी प्रयोगशाळेला कळत नाही. ठिणगीत फक्त अतिसूक्ष्म कण नीट जळतात. एखादा भाग अचानक फुटू लागला तर मोठे तुकडे पडतात, ते अहवालात दिसतच नाहीत. कागदावर सगळे उत्तम आणि आत गिअरचे दात झडताहेत, असे होऊ शकते. म्हणून तेलाची गाळणी, म्हणजे ऑइल फिल्टर, प्रत्येक वेळी कापून उघडायची. लायकमिंग या इंजिन कंपनीचा सल्ला असा, की पूर्ण गाळणी असलेल्या इंजिनाचे तेल आणि गाळणी ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा बदलावी. गाळणीचा डबा करवतीने कापायचा नाही, कारण करवतीचाच कीस आत पडतो. त्यासाठी वेगळा कटर असतो. आतला कागद साडीच्या निऱ्यांसारखा दुमडलेला असतो. तो उलगडून उजेडात धरायचा, वरून चुंबक फिरवायचा. चिकटले ते लोखंड. काळा कण नखांत चुरगळला तर काजळी, नाही चुरगळला तर धातू. दोन-चार बारीक कण असतील तर काही तास उडवून पुन्हा पाहायचे. चहाच्या चमच्याने मोजण्याइतका धातू निघाला तर विमान जमिनीवरच ठेवायचे.

हे ऐकायला सोपे. करताना मात्र समोर मालक उभा असतो. दोन वर्षांपूर्वी एका विमानाच्या गाळणीत आमच्या या मेहुण्याला लोखंडाचे चमकते तुकडे सापडले. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ होता. मालकांना दुसऱ्या दिवशी उडायचे होते. अहवाल चांगला आहे, दोन तुकड्यांसाठी इंजिन कशाला उघडता, असे म्हणून ते चिडले. याने जुनी वही काढली. लोखंड गेल्या तीन नमुन्यांत हळूहळू चढत होते. मर्यादेच्या आत, पण प्रत्येक वेळी थोडे वर. विमान पावसाळाभर उभे होते, हेही त्याच वहीत होते. उभे विमान उडणाऱ्या विमानाहून लवकर खराब होते, हे आपल्याला उलटे वाटेल. पण महिनोन्‌महिने न तापलेल्या इंजिनात ओलावा साचतो आणि आतले भाग गंजतात. त्याने उड्डाणाच्या कागदावर सही केली नाही. इंजिन उघडले तेव्हा कॅमशाफ्टवर खड्डे पडलेले निघाले.

मालकांनी खर्च केला, आणि पुढचे काम दुसरीकडे दिले. मेहुण्याच्या तोंडावर त्याचे वाईट वाटणे अजून दिसत होते. मावसाजी एवढेच म्हणाले, "पोरा, इंजिनकडं पाहाचं. साहेबाच्या तोंडाकडं नाही पाहाचं."

वाचकहो, तपासणी करणे आणि तपासणी उरकणे यांत किती अंतर आहे, याचा एक जगप्रसिद्ध दाखला आहे. मोठ्या जेट इंजिनांच्या तेलात एक लहान चुंबकी बूच बसवलेले असते. झिजलेले लोखंड त्याला चिकटते. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे ट्रायस्टार विमान मायामीहून बहामातल्या नासाऊला निघाले. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांची चुंबकी बुचे बदलली होती. नेहमी तयार बुचांवर रबराची कडी आधीच चढवलेली असे. त्या रात्री ती तयार नव्हती, भांडारातून नवी आणली, आणि कडी कुणी पाहिलीच नाही. तिन्ही इंजिनांतून तेल गळू लागले. आधी एक इंजिन बंद करावे लागले. मग उरलेल्या दोघांचाही तेलदाब घसरला, तेव्हा वैमानिकांना वाटले की काटेच बिघडले असावेत. तिन्ही इंजिने एकदम कशी आजारी पडतील? शेवटी तीही बंद पडली. विमान सुमारे १३,००० फुटांवरून ४,००० फुटांपर्यंत खाली आले, तेव्हा कुठे पहिले बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले. त्या एकाच इंजिनावर ते मायामीला उतरले. १७२ जण सुखरूप घरी गेले. झीज पकडण्यासाठी केलेल्या तपासणीनेच इंजिने मारली होती, कारण तिन्ही ठिकाणी त्याच सवयीने, न पाहता काम झाले होते.

नागपूर हे विमानांच्या दुरुस्तीचे जाणते शहर. हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय तिथे आहे, मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांचे दुरुस्ती केंद्र आहे. आपल्याकडे बंगळूरला एचएएलचा इंजिन विभाग आहे, आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाचे तरुण घडतात. सीमाभागातल्या कित्येक घरांतली मुले या कामात आहेत. सुट्टीत ती घरी आली की पगार विचारण्याआधी एकदा विचारावे, "सही करताना कुणी घाई करते का रे?" मेहुण्याला हा प्रश्न आजवर बाहेरच्या कुणी विचारला नव्हता.

तुमच्या-आमच्या ट्रॅक्टरचे तेल प्रयोगशाळेत पाठवायची गरज नाही. पण तेल बदलताना मेकॅनिकशेजारी पाच मिनिटे उभे राहावे. तेल दुधी दिसले तर आत पाणी शिरते आहे. खालच्या बुचाला चुंबक असेल तर त्यावरची मऊ काळी साय चालते, टोचणारे तुकडे चालत नाहीत. आणि तारीख, तास, काय दिसले हे एका वहीत लिहावे. आईच्या साखरेच्या आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या आकड्यांचेही तेच. एक अहवाल बाजूला ठेवून दहा अहवाल ओळीने लावले की त्यांतली चढण दिसते.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. कन्नडमध्ये म्हणतात, हनी हनी कूडिदरे हळ्ळ. पैशाच्या बचतीला आपण ही म्हण लावतो. झीजही अशीच साचते, आणि ती साचताना मोजणारा माणूस घरात असो की हँगरमध्ये, त्याला थोडा वेळ आणि थोडा पाठिंबा द्यायला हवा.