बालकांचा काचबिंदू : शस्त्रक्रियेनंतर पुढे काय?

बुलढाणा : तान्ह्या बाळाचे टपोरे डोळे हा घरोघरी कौतुकाचा विषय असतो. मात्र हेच डोळे वाजवीपेक्षा मोठे दिसू लागले, त्यांतून सतत पाणी वाहू लागले, बाळ उजेड टाळू लागले आणि बुबुळ पांढुरके झाले, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. काचबिंदू हा उतारवयातलाच आजार, या समजापायी निदानाचे मोलाचे महिने हातचे जातात.

आंध्र प्रदेशातील पाहणीत सुमारे 3,300 जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळला होता. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारणतः दहा हजारांमागे एक मानले जाते. जवळच्या नात्यातील विवाह हे या तफावतीचे एक कारण. आते-मामे भावंडांत सोयरिकी करणाऱ्या महाराष्ट्रातील समाजांनीही त्याची दखल घ्यायला हवी.

यावरील उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचाच. डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याची वाट मोकळी केली की बहुतेक बालकांत दाब आटोक्यात येतो. परंतु दाब उतरला म्हणजे दृष्टी वाचली, असे नव्हे. ताणल्या गेलेल्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागतो, बुबुळावर व्रण राहतात. विकार एकाच डोळ्यात असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून काम घेणेच सोडून देतो. तो कामाला लागावा म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय दाब कित्येक वर्षांनी पुन्हा वाढू शकतो. तपासणी त्यामुळे जन्मभराची ठरते.

बुलढाण्याची खरी अडचण येथेच आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतील मजूर पालकांना मोठ्या शहरातील प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज. 2024 मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जमेची बाजू. पण महाविद्यालय आले म्हणजे बालकांच्या काचबिंदूचा तज्ज्ञही आला, असा अर्थ होत नाही.

2013 मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ 30 विकारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील दृष्टिपटलाचा विकारही आहे. काचबिंदूचे नाव नाही. 'दृष्टिदोष' या सदरात तो बसवता येतो, एवढेच. याच कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. शस्त्रक्रिया झालेल्या बालकांची नोंद या पथकाकडे ठेवली, तर डोळ्यांत थेंब घातले जातात का, चष्मा फुटला का, पुढची तपासणी कधी आहे, एवढे विचारण्यास नव्या यंत्राची गरज नाही.