उंबरठ्यापलीकडे

दिवाळी जवळ आली की मुळाकाठच्या आम्हां राहुरीकरांची घरे आरशासारखी लखलखतात. आणि घरातला केर? तो उंबरठ्यापलीकडे गेला की नगरपालिकेचा! मीही याच मताचा होतो. परवा फुटलेली बरणी भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत टाकली, आणि कचरा निवडताना गाडीवरच्या बाईंचा तळहात कापला. मी ओशाळलो. "असू द्या भाऊ, रोजचंच हाय!" त्या म्हणाल्या.

त्या 'रोजचंच'ने माझी झोप उडविली. ओला-सुका कचरा घरीच वेगळा करावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी आपल्याला बजावले होते. गाडी पाठविणे पालिकेचे काम खरे. पण माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती निवड कशी करणार?

गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तनातून मने. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २०००-०१ साली सुरू झाले, तेही गावकऱ्यांच्या हाती झाडू देऊनच.

आता आमच्या दारी दोन डबे आहेत, शिवाय काचेसाठी निराळा खोका. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती रोज ज्यांच्या हाती असते, त्या हातांनाही जपले, तर लक्ष्मी खचित रागावणार नाही!