सहकाऱ्याचे सुतक

कोलकात्याच्या कचेऱ्यांत वडीलधाऱ्या सहकाऱ्यास आडनावाने वा हुद्द्याने न संबोधता त्याच्या नावास ‘दा’ जोडण्याची रीत आहे. हजेरीपटापुरता ज्याच्याशी संबंध यावयाचा, त्यास ती एका अक्षराने थोरल्या भावाच्या जागी बसवते. आमच्या दप्तरातील असे एक ‘दा’ गेल्या महिन्यात निवर्तले. मी महाराष्ट्रातून बदलून येथे रुजू झालो तेव्हा बंगाली कागद वाचता यावेत म्हणून जे तीन महिने कचेरी सुटल्यावर माझ्याजवळ बसत, आणि माझ्या हातून हिशेबात झालेली चूक ज्यांनी रात्री थांबून माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली, पण पुढे कधी बोलून दाखवली नाही, त्यांच्यासाठी शोकप्रस्ताव झाला, आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो आणि दुपारनंतर रजा मिळाली.

धर्मशास्त्राने सपिंडांस दहा दिवसांचे सुतक सांगितले. परंतु आयुष्याची वीस-वीस वर्षे ज्याच्या शेजारी बसून काढली, त्या सहकाऱ्याच्या मृत्यूसाठी ना विधी, ना मुदत. ही उणीव मला खरी वाटते, आणि ती कशी भरून काढावी याचा दाखला याच शहरातील डॉ. बिजयकुमार बसू यांच्या चरित्रात सापडतो.

1938 साली, सुभाषचंद्र बोस राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष असताना, जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडण्यात आले. मदन अटल प्रमुख होते. नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि देबेश मुखर्जी व बिजयकुमार बसू हे दोघे कोलकात्याचे. चुंगकिंग येथे कोटणीसांस वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, तरी ते परतले नाहीत. 1939 साली पथक चिनी साम्यवाद्यांच्या तळावर, येनानला, पोहोचले; पुढे एकेक करून तिघे स्वदेशी परतले आणि कोटणीस व बसू हे दोघेच मागे राहिले. 1940 साली दोघे मिळून आघाडीच्या मुलुखात गेले. नंतर बसू येनानला आले, कोटणीस तेथेच राहिले, आणि कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. घरी पत्नी क्वो छिंगलान आणि साडेतीन महिन्यांचा मुलगा होता.

1943 साली बसू एकटेच परतले. मित्राच्या आठवणी सांगत उर्वरित आयुष्य काढले असते, तरी कोणी बोल लावला नसता. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यास येऊन त्या विद्येने रुग्णांवर उपचार करू लागले; भारतात त्या चिकित्सेचा पाया घालण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. कोटणीसांच्या नावाने निघालेल्या स्मृती समितीचे नेतृत्व त्यांनी केले, आणि त्या दिवसांची त्यांची रोजनिशी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. 1986 साली ते वारले. सहकाऱ्याचे सुतक त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे पाळले, आणि ते रुग्णांच्या उशाशी बसून पाळले.

कोटणीसांस महाराष्ट्र विसरलेला नाही. 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले. परंतु ज्याने त्यांच्यासोबत उपासमार व बाँबवर्षाव सोसला आणि नंतर त्यांचे नाव सेवेच्या रूपाने जिवंत ठेवले, त्या बसूंचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. घरची माणसे मृताचा स्वभाव जाणतात. त्याचे काम कोठवर येऊन थांबले, हे मात्र शेजारी बसणाऱ्यासच ठाऊक असते, आणि म्हणून ते पुढे नेण्याचे उत्तरदायित्वही त्याच्यावरच येते.

माझे ‘दा’ कोणी महापुरुष नव्हते. त्यांचे काम होते नवख्यास हात देण्याचे. पुढील आठवड्यात आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू होत आहे. कचेरी सुटल्यावरचा वेळ मी तिच्यासाठी राखून ठेवला आहे. वाचकहो, तुमच्याही कचेरीत अशी एखादी रिकामी खुर्ची असेल, तर तिच्यावर बसून गेलेला माणूस दिवसाकाठी दुसऱ्यासाठी नेमके काय करीत असे, ते आठवा, आणि ते काम उद्यापासून आपल्याकडे घ्या.