फटफटीवाला

आमच्या कळंबात जुनी माणसे मोटारसायकलीला अजूनही फटफटीच म्हणतात. परवा एक गृहस्थ आमच्या अंगणातली अशीच एक फटफटी विकत घ्यायला आले. "प्राध्यापकमहाशय, तुम्ही शिकवणार मराठी, कॉलेजात जाणार मोटारीने, मग ही बुलेट कशाला अडवून ठेवलीत?" प्रश्न रास्त होता, किंमतही चांगली होती. दोन दिवसांची मुदत मागून मी त्यांची बोळवण केली.

बुलेट अण्णांची. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. पन्नासच्या दशकात मद्रासेत ही गाडी तयार होऊ लागली. आमची 1978 ची. गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. आता बटण दाबले की गाडी सुरू होते. हिचे तसे नाही. किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे सरकवायची, आणि मगच जोर लावायचा. कॉलेजात असताना मी एकदा घाई केली. किक उलटली आणि नडगी आठ दिवस सुजली. अण्णा शांतपणे म्हणाले, "गाडीचं ऐकलं नाहीस. आता पायाचं ऐक."

पुढे गुडघ्यांनी त्यांची गाडी बंद केली. पण ओट्यावर बसून वालचंदनगरच्या रस्त्यावरचा आवाज ऐकत ते म्हणायचे, "ह्याच्या प्लगला कार्बन धरलाय." एका पावसाळी रात्री तसाच एक आवाज आचके देत थांबला. अण्णा बॅटरी आणि प्लगपाना घेऊन उठले. आई ओरडली, "अहो, आधी स्वतःचे गुडघे बघा!"

"अगं, रस्त्यात गाडी बंद पडलीय त्याची," ते म्हणाले. जणू घरातच कोणी आजारी पडले होते. तो मुलगा कोण, कुठला, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही.

वाचकहो, गृहस्थ येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बारामतीहून परतत होतो. कालव्याच्या कडेला एक पोरगा जुन्या मोटारसायकलीला किकवर किक मारत होता. घरी पेपर तपासायचे होते; मी पुढे निघून गेलो. पण दोनशे पावलांवर माझी नडगी ठणकू लागली! मोटार वळवली. अण्णांचा प्लगपाना माझ्या डिकीत का असतो, ते मला तेव्हा कळले. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, पुसून बसवला. तिसऱ्या किकेला गाडी फटफटली आणि पोरगा हसला.

मला आपले वाटते, वेगाची हौस कुणालाही असते. मनाने फटफटीवाला तो, ज्याला बंद पडलेल्या गाडीजवळून पुढे जाववत नाही. त्याला स्वतःची गाडी असलीच पाहिजे असे नाही. गुडघेसुद्धा नसले तरी चालतात.

गृहस्थांना मी नम्रपणे नकार कळवला. आईला सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. खंडेनवमीला मात्र तिने बुलेटला झेंडूचा भरगच्च हार घातला. मोटारीलाही घातला, जरा लहान.