आधी ज्योत बघा, बोर्ड नंतर!

कॅम्परमधला गॅसचा फ्रिज पेटला नाही की लोक सरळ कंट्रोल बोर्ड बदलायला धावतात. का, राव? कोड असा डिबग करतो का आपण?

आधी शेगडी लावून बघा. तीही पेटत नसेल तर सिलिंडर संपलाय, नाहीतर नळीत हवा आहे. ठिणगीच पडत नाही? १२ व्होल्टचा पुरवठा मोजा. ठिणगी पडते, ज्योत नाही? बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं शोधा. ज्योत लागून विझते? थर्मोकपल तपासा.

आणि ते जेटमध्ये सुई खुपसणारे महाभाग! भोक मोठं झालं की ज्योत पिवळी पडते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. गाडीत पोरंबाळं झोपलेली असतात. बोर्डापायी फक्त खिसा रिकामा होतो. सुईपायी जीव जाऊ शकतो.