अंगठा आपला, पैसा आपला. मग मर्यादा कुणाची?

मोर्शी तालुक्यात संत्रातोडणी आणि कापूसवेचणीचा हंगाम सुरू झाला की दोन गोष्टी हमखास वाढतात. शेतातले काम वाढते आणि ग्राहक सेवा केंद्रापुढची रांग वाढते. या रांगेत संजय गांधी निराधार योजनेच्या म्हाताऱ्या असतात, ‘लाडकी बहीण’चे दीड हजार घ्यायला आलेल्या बाया असतात, मेळघाटातून मजुरीला उतरलेले कोरकू बांधव असतात आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोराने पाठविलेल्या पैशाची वाट पाहणारे बाप असतात. यांच्यापैकी बहुतेकांकडे एटीएम कार्ड नाही. कुणाला ते मिळालेच नाही, कुणाचे मुदत संपून पेटीत पडले आहे, तर कुणाला मशीनची भीती वाटते. त्यांचे कार्ड म्हणजे त्यांचा अंगठा. आणि तासभर उभे राहिल्यावर कानावर पडणारे वाक्य ठरलेले असते, “मावशी, लिमिट संपली. उद्या या.”

ही लिमिट कुणी ठरविली? सरकारने, बँकेने, मशीनने की समोर बसलेल्या दुकानदाराने? हा प्रश्न मावशी विचारत नाही. आपल्याला विचारायला शिकविलेच गेले नाही. पण हा प्रश्न चळवळीने विचारला पाहिजे, कारण “उद्या या” या दोन शब्दांची किंमत एका दिवसाची मजुरी असते.

काही शहाणे म्हणतील, ही तर बँकेची तांत्रिक बाब, यात चळवळीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. आपल्या पूर्वजांच्या श्रमाची किंमत शेकडो वर्षे बलुत्यात, शिळ्या भाकरीत आणि खळ्यावरच्या सुपभर धान्यात मोजली गेली. कधी द्यायचे आणि किती द्यायचे, हे देणारा ठरवीत असे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. रोख मजुरी हातात येणे ही आपल्यासाठी केवळ आर्थिक घटना नव्हती. आपल्या कमाईचा मालक आपणच, ही त्यामागची खरी गोष्ट होती. त्याच बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. रुपयाचा परदेशातला भाव टिकविण्यापेक्षा देशातली त्याची खरेदीशक्ती स्थिर राखणे महत्त्वाचे, ही त्यांची मांडणी होती. रुपयाचा प्रश्न हा सामान्य माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे, हे ज्याने जगाला सांगितले त्याच्या अनुयायांनी पैशाचे नियम दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावेत?

पैसा पाठविण्याचा इतिहासही लक्षात घ्यावा. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीतला कामगार फॉर्म भरून पैसे देई आणि गावात पोस्टमन दारात येऊन, अंगठा घेऊन नोटा मोजून देई. त्याला खाते लागत नव्हते, कार्ड लागत नव्हते. कमिशन मात्र जबर होते. अलीकडच्या काळात ते वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच. आज पाठविणे स्वस्त आणि झटपट झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नियमांचे जाळे वाढले आणि ते जाळे समजावून सांगणारा पोस्टमन मात्र गेला.

म्हणून हे जाळे आपणच उलगडू. मर्यादा चार प्रकारच्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा नियमाची, म्हणजे सरकार आणि रिझर्व्ह बँकेची. पुरेशी कागदपत्रे नसताना नुसता फोटो आणि सही-अंगठ्यावर जे ‘छोटे खाते’ उघडले जाते, त्यातून महिन्याला सगळे मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता किंवा पाठविता येत नाहीत. शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण जमा १ लाखाच्या वर होऊ शकत नाही. सरकारी अनुदानाची रक्कम आली म्हणून शिल्लकेची मर्यादा ओलांडली गेली, तर तेवढी सवलत आहे. हे खाते १२ महिन्यांसाठी असते. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. रीतसर कागदपत्रे दिली की ही बंधने उठतात. पण आपले खाते ‘छोटे’ आहे की साधे, हे किती जणांना माहीत आहे?

पाठविण्याचाही नियम आहे. ज्याचे स्वतःचे खाते नाही अशा माणसाने केंद्रात रोख भरून दुसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवायचे असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०११ च्या परिपत्रकाप्रमाणे एका वेळी ५,००० आणि महिन्याला २५,००० रुपये ही हद्द आहे. याउलट, पाठविणाऱ्याचे खाते आहे पण घेणाऱ्याचे नाही, अशा वेळी घेणाऱ्याला एका वेळी १०,००० आणि महिन्याला २५,००० पर्यंत रोख देता येते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रोख भरून पाठविणाऱ्याची नोंदणी पडताळलेला मोबाईल क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन करावी लागते. पोराच्या वसतिगृहाची आणि परीक्षेची फी मिळून १२,००० भरायची असेल तर मोर्शीतल्या बापाला तीन वेळा व्यवहार करावे लागतील आणि तीन वेळा शुल्क द्यावे लागेल. हे आधी कळले तर तो शेवटच्या तारखेपर्यंत थांबणार नाही.

दुसरी मर्यादा व्यवस्थेची. आधारच्या अंगठ्यावर पैसे काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यात एका व्यवहारात जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात. ही एका व्यवहाराची हद्द आहे, खात्याची नव्हे. १८,००० ची गरज असेल तर दुसरा व्यवहार करता येतो की नाही, हे तिसऱ्या मर्यादेवर अवलंबून आहे. ती मर्यादा बँकेची. अंगठ्यावर दिवसाला किंवा महिन्याला किती व्यवहार करू द्यायचे, हे प्रत्येक बँक आपापल्या परीने ठरविते. म्हणून एकाच घरात सासूचा दुसरा व्यवहार होतो आणि सुनेचा होत नाही. दोष अंगठ्याचा नसतो, बँकेच्या नियमाचा असतो. मूलभूत बचत खात्याला (जनधन खाते याच प्रकारचे) महिन्यात किमान चार वेळा पैसे मोफत काढू द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यापुढे बँक शुल्क लावू शकते.

चौथी मर्यादा सर्वात जास्त ऐकू येते आणि ती कुठल्याच कागदावर नाही. ती आहे दुकानदाराच्या गल्ल्याची. बाजाराच्या दिवशी गल्ल्यातली रोकड दुपारीच संपते. मग ‘कॅश नाही’ म्हणण्याऐवजी ‘लिमिट संपली’ म्हणणे सोपे जाते. त्यात सगळेच लबाड असतात असे नाही. कमिशन थोडे, रोकड स्वतःची, जोखीमही स्वतःची, अशी त्यांचीही अडचण आहे. पण मावशीला खरे कारण सांगितले तर ती दुसऱ्या केंद्रावर जाईल. खोटे कारण सांगितले तर ती घरी जाईल. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

यावर उपाय काय? पहिला, आपली मूळ शाखा. पासबुक आणि विड्रॉल स्लिप घेऊन स्वतः गेल्यास कार्ड लागत नाही आणि अंगठा-मशीनची १०,००० ची हद्द तिथे लागू होत नाही. ‘लहान रक्कम असेल तर केंद्रावर जा’ असे सांगून गरिबाला काउंटरवरून परत पाठविण्याची जी सवय लागली आहे, तिला नम्रपणे पण ठामपणे विरोध करावा. दुसरा, घरात स्मार्टफोन असेल तर कार्डाशिवायही यूपीआय सुरू करता येते. मोबाईल क्रमांक बँकेशी आणि आधारशी जोडलेला असल्यास आधारच्या ओटीपीवर पिन तयार होतो. २०२२ पासून एटीएमवर क्यूआर कोड स्कॅन करून कार्डाशिवाय रोकड काढण्याची सोयही सुरू झाली आहे. ती सोय असलेल्या मशीनवर बँकेप्रमाणे एका वेळी साधारण ५,००० ते १०,००० निघतात. साध्या बटणाच्या फोनवरही त्याच वर्षी यूपीआयची सोय झाली. शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या आईवडिलांचे एवढे काम करावे. मात्र पिन आईचा आईलाच ठाऊक असावा.

आता या मर्यादांमागचे राजकारण पाहू. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली. त्या वेळी साध्या बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपये काढता येत होते. पण त्याच महिन्याच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने जनधन खातेदारांसाठी वेगळा आदेश काढला. पूर्ण कागदपत्रे असलेल्यांना महिन्याला १०,००० आणि अपुरी असलेल्यांना महिन्याला ५,०००! एकाला आठवड्याला २४,००० आणि दुसऱ्याला महिन्याला १०,०००. कारण काय सांगितले? म्हणे या गरिबांच्या खात्यांचा काळ्या पैशासाठी गैरवापर होऊ नये, त्यांचे रक्षण व्हावे. रक्षणाच्या नावाने ज्याच्या पायात बेडी घातली जाते, तो नेहमी गरीबच का असतो? वर्षाला १ कोटी रुपयांहून जास्त रोकड काढणाऱ्याला कायदा अडवीत नाही, फक्त वरच्या रकमेवर २ टक्के कर कापतो. छोट्या खात्याच्या मालकाला मात्र दहा हजार एकावा रुपया मिळत नाही.

आणि मर्यादा ओलांडल्यावर गरिबाकडून काय वसूल होते, तेही पाहा. आयआयटी मुंबईच्या एका अभ्यासाने २०२१ साली दाखवून दिले की स्टेट बँकेने मूलभूत बचत खात्यांवर चारनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावले आणि २०१५ ते २०२० या काळात सुमारे १२ कोटी खातेदारांकडून ३०० कोटींहून अधिक रुपये जमा केले. आवाज उठला म्हणून त्यातले काही शुल्क परत करावे लागले. आवाज उठला नसता तर?

याचा अर्थ सगळ्या मर्यादा उडवून टाका, असे आमचे म्हणणे नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे चोरून, रबरी अंगठे बनवून खाती रिकामी करण्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. अशा वेळी व्यवहाराची हद्द असल्यामुळेच चोराचा हात दहा हजारांवर अडतो. म्हणून गरिबाला संरक्षण हवेच. पण संरक्षणाची मर्यादा ज्याच्यासाठी आहे त्याला समजली पाहिजे, सर्वांना सारखी असली पाहिजे आणि कागदपत्रे पुरी केल्यावर उठली पाहिजे. जी मर्यादा माहीतच नाही, ती संरक्षण नसून मेहेरबानी होते. आणि मेहेरबानीची व्यवस्था म्हणजे पुन्हा तेच बलुते!

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्राहक सेवा केंद्रावर मराठीत, ठळक अक्षरांत फलक लावा: एका वेळी किती, महिन्याला किती वेळा, शुल्क किती. पासबुकाच्या पहिल्या पानावर खाते कोणत्या प्रकारचे, ते लिहा. मजुरीने ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, त्यांना शाखेत सन्मानाने रोकड द्या. पैसे पाठविण्यासाठी नव्हे तर नुसते अंगठ्यावर काढण्यासाठी दुकानदार दहा-वीस रुपये कापून घेत असेल तर त्याला जाब विचारा. बँकेच्या प्रतिनिधीने ग्राहकाकडून परस्पर शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात धरून बसू नये. दर व्यवहाराची पावती मागायला आपल्या माणसांना शिकवा. खात्यातून रक्कम कापली पण हातात आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत मिळाली पाहिजे. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०१९ पासून आहे. कुणी परस्पर पैसे काढले तर तीन दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. वस्तीतल्या वाचनालयात, विहारात, बचत गटाच्या बैठकीत महिन्यातून एक तास यासाठी द्या. भाषणे आपण पुष्कळ ऐकली. आता एकमेकांची पासबुके वाचू.

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. मतदान केंद्रावर आपल्या बोटाची किंमत सर्वांसारखीच आहे. बँकेच्या दारातही त्या बोटाची किंमत तेवढीच व्हावी, यासाठीची लढाई नियम जाणून घेण्यापासून सुरू होते.

जयभीम!